रात्री दहानंतरचा डीजे आणि जिन्यातली सिगारेट: तक्रार नेमकी कशाची करायची

शेजारच्या गच्चीवर डीजे लागला की बहुतेक जण मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप उघडतात. रात्री दहानंतर त्याची गरजच नसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर स्पीकर, ॲम्प्लिफायर किंवा वाद्य वाजवायलाच बंदी आहे, मग आवाज कितीही बारीक असो. म्हणून 112 वर ‘फार त्रास होतोय हो’ असं मोघम सांगू नका. ‘अमुक सोसायटी, बी विंगची गच्ची, उघड्यावर स्पीकर चालू आहे, दहा वाजून गेलेत’ एवढंच सांगा. सोबत जवळची खूण आणि गेट कुठल्या रस्त्याला आहे तेही सांगा, कारण पोलिसांची गाडी गेट शोधत फिरते तोवर वर कुणीतरी आवाज बंद केलेला असतो. गाडी वळली की पुन्हा सुरू! तसं झालं तर पहिल्या फोनची वेळ सांगून दुसरा फोन करा.

नाव सांगायला बिचकू नका. तक्रारदाराची ओळख विचारू नये, कळली तर समोरच्याला सांगू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावलं आहे.

‘आमच्याकडे परवानगी आहे’ हे ठरलेलं उत्तर. दिवसा स्पीकर लावायलाही लेखी परवानगी लागते, पण ती दहाला संपते. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांची यादी दरवर्षी जाहीर होते, आणि वाढदिवस किंवा हळद त्यात बसत नाही.

पार्टी बंद फ्लॅटमध्ये असेल तर मात्र मोजमापाला अर्थ आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर याच्या वर फार तर 5, म्हणजे रात्री 50. इथे ॲप फसवतं. फोनचा माइक प्रमाणित नसतो, शिवाय नियमातलं ‘डीबी-ए’ हे माप खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतं. त्यामुळे छातीत धडधडणारा बास आकड्यात नीट उतरत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या घरात, खिडक्या लावून, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. तावदानं थरथरत असतील तर तीही दिसू देत.

पार्टी तुमचीच असेल तर दहाला गच्ची सोडून आत या, सबवूफर जमिनीवरून उचलून जाड रबरी मॅटवर ठेवा आणि बास उतरवा. खालच्या मजल्यावरच्यांची निम्मी कुरकुर स्लॅबमधून जाणाऱ्या दणक्याचीच असते.

तोच प्रकार वारंवार होत असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्यात तारखा, वेळा आणि 112 वर केलेल्या फोनच्या नोंदी लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोचचा शिक्का घ्या. पोच नसेल तर पुढे वरिष्ठांकडे दाखवायला हातात काही राहत नाही. निवासी भागात रात्रीचे हॉर्न, फटाके आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रं यांनाही बंदी आहे. अर्ज याच पद्धतीने.

सिगारेटचं गणित वेगळं आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास 200 रुपयांपर्यंत दंड आहे. ऑफिस, मॉल, हॉटेल, बार, दवाखाना, रेल्वे स्टेशन, बसस्टॉप हे सगळं त्यात येतं. ‘मोकळी जागा’ मात्र कायद्याने वगळली आहे, त्यामुळे टपरीबाहेरच्या धुराबद्दलची तक्रार सहसा टिकत नाही. अशा ठिकाणी भांडत बसण्यापेक्षा शाळेच्या कुंपणापासून 100 यार्डांच्या (सुमारे 91 मीटर) आत तंबाखू विकली जाते का ते बघा. ती विक्री बेकायदा आहे, आणि अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात.

हॉटेलात कुणी ओढत असेल तर आधी व्यवस्थापकाकडे जा. प्रवेशद्वारी 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लावणं ही त्याची जबाबदारी आहे. टेबलावर ॲशट्रे किंवा लायटर ठेवायचीही मनाई आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर जितके गुन्हे तितका दंड त्यालाही लागू होऊ शकतो, हे शांतपणे सांगितलं की वेटर लगेच धावतो. वेगळी स्मोकिंग रूम फक्त 30 किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला, 30 किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला आणि विमानतळाला ठेवता येते.

स्वतःच्या बाल्कनीत ओढणाऱ्याला हा कायदा अडवत नाही. सोसायटीच्या जिन्याबद्दल आणि लिफ्टबद्दल पोलीस बरेचदा टाळाटाळ करतात. तिथे सर्वसाधारण सभेत ठराव करून फलक लावणं जास्त उपयोगी पडतं. हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि ई-सिगारेट विकणं किंवा साठवणं 2019 पासून देशभर गुन्हा आहे. त्यामुळे ‘हे तर फक्त व्हेप आहे’ म्हणून कुणी ते विकत असेल तर सोसायटीच्या ठरावाची वाट न बघता थेट पोलीस ठाण्यात कळवा.