लिपिड आणि लिव्हरची तपासणी: रक्त देण्याआधीचे तीन दिवस

गेली अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी मी म्हापशाला जाऊन लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एलएफटी (लिव्हरची तपासणी) करून घेतो. ‘दोन दिवस नुसती पेज खा, रिपोर्ट चांगला येतो’ असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. रिपोर्ट चांगला हवाय की खरा?

डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुना रिपोर्ट बरोबर घ्या. टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन बहुधा एलएफटीतच असतात, त्यांचे वेगळे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

खरी गोम आधीच्या तीन दिवसांत आहे. एकदा एप्रिलात रविवारी लग्न होतं. शागुती (मांसाचं मसालेदार कालवण) झाली, वर उर्राकही (काजूची दारू) झाला. रात्री नऊनंतर मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, सोमवारी सकाळी नऊला रक्त दिलं. बारा तास पुरे भरले म्हणून मी निर्धास्त. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आलं ४६२, आणि एलडीएलचा (‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा) रकाना कोरा! बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब चालत नाही. तीन आठवडे रोजचं जेवण जेवून परत गेलो, तेव्हा १८८.

दुसऱ्यांदा दारूचा थेंब नव्हता, पण आदल्या दिवशी दिवसभर माडांची आळी खणली होती. एसजीओटी (एलएफटीत मोजतात ते एक एन्झाइम) वाढून ७८. घरात सगळे माझ्या लिव्हरकडे संशयाने बघू लागले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “काल काय काम केलंत?” एसजीओटी स्नायूंतूनही रक्तात येतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून तीन दिवस दारू नको, मेजवानी नको, अंगमेहनत किंवा जिमही नको. आणि उपासही नको. माझ्या भाच्याने एकादशी करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, तर बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) वाढलेलं. काही लोकांचं ते उपाशी राहिल्यावर वाढतं, त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. लिव्हरला काही झालेलं नसतं. तेव्हा रोज खाता तेच खा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. डायबेटीसची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांना आधी विचारा. घरचे काढे घेत असाल तर तेही सांगा.

रात्रीचं जेवण नऊपर्यंत. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला तरी मन घट्ट करा, बिनसाखरेचा चहासुद्धा नको. पाणी मात्र भरपूर प्या, नाहीतर शीर सापडत नाही.

लॅबमध्ये पाच-दहा मिनिटं बसा, मगच हात पुढे करा. दंडावरचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ राहिला तर प्रोटीन आणि कोलेस्टेरॉल उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा बिनदिक्कत सैल करायला सांगा. सुई आत फिरवून फिरवून रक्त काढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि एसजीओटी पुन्हा वर जातं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर आकडे वाचत बसू नका, दुसरं रक्त द्या.

कापूस पाच मिनिटं दाबून धरा, कोपर दुमडू नका. मग समोरच्या हॉटेलात पाव आणि पातळभाजी.