वस्तीतल्या मुलांसाठी काम सुरू करताना : पुण्यातील क्षेत्रकार्याचा अनुभव

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्यातील दोन दिवस क्षेत्रकार्याचे, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन काम करण्याचे, असतात आणि माझे ते दोन दिवस पर्वतीच्या उतारावरील एका वस्तीत ठरले होते. पहिल्याच महिन्यात एका नऊ वर्षांच्या मुलीचे नाव माझ्याकडे आले. महापालिकेच्या शाळेच्या पटावर ती होती, परंतु दिवाळीनंतर वर्गात आली नव्हती. मी तिच्या घरी गेले, आईशी पाच मिनिटे बोलले आणि अहवालात ‘पालकांची शिक्षणाविषयी उदासीनता’ असे कारण लिहून टाकले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि एवढेच विचारले की ही आई घरातून किती वाजता निघते. मला ते ठाऊक नव्हते.

पुढच्या भेटीत समजले. ती सकाळी सातला निघत असे, चार घरची धुणीभांडी आणि एका घरचा स्वयंपाक उरकून दुपारी तीनला परतत असे. वडील मजूर अड्ड्यावर उभे राहत आणि काम मिळाले तर रात्रीच येत. घरात दीड वर्षाचा मुलगा होता. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, तीही काही तासच. त्याहून लहान मुलांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो, पण त्यांना सांभाळायला कोणी नसते. आजी गावाकडे होती. शाळेत फी नव्हती, पुस्तके मोफत होती, दुपारचे जेवणही मिळत होते, आणि तरीही मुलगी घरी होती, कारण भावाला कडेवर घेणारे दुसरे कोणी नव्हते. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी हाच प्रसंग आधी सांगते. शहरातल्या गरीब घरात पैशांची चणचण असतेच, परंतु मुलांचे नुकसान पुष्कळदा आईच्या कामाचे तास, घरातला एखादा नसलेला कागद आणि सरकारी सेवेची वेळ या तिघांचा मेळ न बसल्यामुळे होते, आणि तो मेळ कुठे बसत नाही हे त्या घरात बसून विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. छापील सर्वेक्षणाचा अर्ज संस्थेसाठी भरावाच लागतो, पण वही आपली असते. तिच्यात प्रत्येक घरासाठी एक पान असावे आणि त्यावर घरातील माणसे कोणत्या वेळी घरी असतात, मुलांचे वय, कोण कुठे शिकते, कोणते कागद आहेत आणि कोणते नाहीत, एवढे लिहावे. उत्पन्न पहिल्या भेटीत विचारू नये. ते विचारणारा माणूस एक तर योजना देणारा असतो किंवा काढून घेणारा, अशी वस्तीची समजूत असते आणि ती अनुभवातून आलेली आहे.

कागदांचे काम कंटाळवाणे वाटते, तरी माझा निम्म्याहून अधिक वेळ त्यातच गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. जन्मदाखल्याचेच पाहा. सोलापूर, लातूर, नांदेड किंवा कलबुर्गीकडून आलेल्या कुटुंबांत बाळंतपणासाठी सून माहेरी जाते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. त्यामुळे पुण्यात वाढलेल्या मुलाचा दाखला पुण्यात सापडतच नाही. आईच्या माहेरच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन करून जुन्या नोंदवहीत नाव आहे का हे पाहायला सांगणे, हे अनेकदा अर्ध्या दिवसाचे काम असते आणि तेवढ्याने प्रश्न सुटतो. नोंदच झालेली नसेल तर मार्ग लांबतो. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते, त्यानंतर विलंबशुल्क लागते आणि एक वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शाळाप्रवेश मात्र यासाठी अडवता येत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात घ्यावे लागते. ही दोन कलमे मराठीत छापून पिशवीत ठेवावीत. मुख्याध्यापकांसमोर वाद घालण्याऐवजी कागद पुढे ठेवला, तर बहुतेक वेळा प्रवेश होतो. मुख्याध्यापकांनाही वर उत्तर द्यायचे असते, हे आपण ध्यानात ठेवावे.

रेशनच्या बाबतीत मला राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातील, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. महाराष्ट्रातील शहरी कुटुंबासाठी प्राधान्य गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. चार घरची भांडी घासणारी बाई आणि महिन्यातले पंधरा दिवस काम मिळणारा मजूर मिळून याहून अधिक कमावतात आणि तरीही त्यांच्या मुलांना दूध परवडत नाही. शिवाय राज्याची लाभार्थीसंख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली असल्याने पात्र ठरलेल्या कुटुंबालाही इष्टांकात, म्हणजे त्या ठरलेल्या संख्येत, जागा होईपर्यंत थांबावे लागते. उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटी रक्कम टाका असा सल्ला देणारे दलाल वस्तीत भेटतातच. आपण तसा सल्ला कधीही देऊ नये, कारण पकडले गेल्यास कार्ड जाते ते त्या घराचे, आपले काहीच जात नाही. उत्पन्नमर्यादा आणि इष्टांक हे दोन्ही मागणीचे विषय आहेत आणि ती मागणी उघडपणे करायची असते.

वडील वारले आहेत किंवा घर सोडून गेले आहेत अशी घरे वहीत वेगळ्या खुणेने ठेवावीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात; अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, गृहभेट होते आणि बालकल्याण समिती आदेश देते. मला भेटलेल्या बहुतेक विधवा आयांना या योजनेचे नावही माहीत नव्हते. बांधकाम मजुरांच्या घरांसाठी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करून घ्यावी. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते आणि तेच मिळवणे कठीण असते, कारण मुकादम सही द्यायला तयार नसतो. पण नोंदणी झाली की पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीच्या मुलाला ५,००० रुपये शैक्षणिक साहाय्य मिळते.

वजन आणि दंडघेर मोजायला अंगणवाडी सेविकेकडून शिकावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजतात आणि त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. सेविकेशी नाते कसे ठेवायचे यावर तुमचे बरेचसे काम अवलंबून राहील. पोषण, लसीकरण, गरोदर स्त्रियांच्या नोंदी, मोबाइलवरील माहिती भरणे, शिवाय वरून येणारी इतर सर्वेक्षणे, हे सगळे एकटी बाई तुटपुंज्या मानधनावर करते. तिच्या चुका शोधणारे तपासनीस म्हणून गेलात तर दार बंद होईल. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा आमच्यातील काही जणांना मुलांचा आहार बंद झाल्याचे दुःख झाले आणि ते योग्यच होते. तरीही वस्तीतल्या आयांनी आणि आम्ही सेविकांच्या बाजूने उभे राहायचे ठरवले, कारण मुलांना जेवू घालणारी बाई स्वतः अर्धपोटी राहू नये असे आयांचेच म्हणणे होते.

आता मोहिमेविषयी. एकेका घराचे काम करत राहिले तर माणूस थकतो आणि पुढच्या वर्षी तीच अडचण दुसऱ्या घरात दिसते. वही उपयोगी पडते ती इथे. आमच्या तीन गल्ल्यांत धाकट्या भावंडांसाठी शाळा सोडलेल्या अकरा मुली निघाल्या. आम्ही पाळणाघराची मागणी करायचे ठरवले आणि मी मोठ्या उत्साहाने तीन पानांचे निवेदन लिहिले, ज्यात १९८९ चा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार होता, राज्यघटना होती आणि वस्तीविषयी जेमतेम एक परिच्छेद होता. ते एका कार्यालयात सहा आठवडे पडून राहिले. दुसरे निवेदन आयांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. त्यात तीन वर्षांखालील मुलांची गल्लीवार संख्या, आयांच्या कामाच्या वेळा, दिवसभर कुलूप असलेल्या समाजमंदिराच्या खोलीचे माप आणि ती खोली सकाळी साडेसहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघडून द्यावी एवढी एकच मागणी होती. ते एका पानात बसले.

पुण्यात अशा निवेदनाला मोठी परंपरा आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी शिक्षणाच्या पाहणीसाठी इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर आयोगासमोर जे निवेदन ठेवले, त्याची सुरुवात स्वतः शाळा चालवल्याच्या अनुभवापासून होते. रयतेच्या श्रमांतून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हे त्यांनी दाखवले आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. अनुभव, पैशाचा हिशेब आणि नेमकी मागणी, हा क्रम मी तिथून घेतला. शाळेत मिळणारे दुपारचे जेवणही असेच लढून मिळालेले आहे. अन्नाच्या हक्कासाठी दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतरही ते प्रत्येक शाळेत पोहोचावे यासाठी देशभर कार्यकर्त्यांना पाठपुरावा करावा लागला. अलीकडचे उदाहरण २०२४ चे आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्याने गरीब व वंचित घरांतील मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारा नियम राज्य सरकारने फेब्रुवारीत केला, पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो नियम रद्द केला.

आमची खोली मिळायला आठ महिने लागले. मार्च २०२२ नंतर पुणे महापालिकेत दीर्घकाळ लोकनियुक्त सभागृह नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे नगरसेवकाच्या घरी आयांना घेऊन जाण्याचा नेहमीचा मार्ग बंद होता. आम्ही क्षेत्रीय कार्यालयात गेलो, माहिती अधिकारात दहा रुपये भरून समाजमंदिराच्या वापराची नोंद मागितली आणि नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनालाही जाऊन आलो. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेते; तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक मुदतीत द्यायचा असतो आणि वस्त्यांमधून तो फार कमी जातो. आम्ही शौचालय आणि विजेच्या दुरुस्तीसाठी तो भरला. खोली उघडली तेव्हा बचत गटातील दोन स्त्रियांनी मुले सांभाळायला घेतली आणि त्यांचे मानधन आयांची वर्गणी व एका संस्थेची मदत यांतून निघू लागले. अकरापैकी सात मुली शाळेत परतल्या. दोघींची कुटुंबे तोवर दुसऱ्या कामावर निघून गेली होती. दोघी कामाला लागल्या होत्या आणि त्यांना परत आणण्यात मला यश आले नाही.

मोठ्या बांधकामांवर स्थिती याहून वाईट आहे. ५० पेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या बांधकामावर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे असे बांधकाम कामगारांविषयीचा १९९६ चा कायदा सांगत होता, पण मजूर निरनिराळ्या मुकादमांकडे वाटलेले असल्याने कागदावर ५० स्त्रिया कधी भरतच नसत, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले.

जूनमध्ये दप्तरवाटपाचे कार्यक्रम होतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि दप्तर लागतेही. मात्र मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याच्या गरिबीसह छायाचित्र काढू देऊ नये, आणि देणगीदाराला पाळणाघरातील बाईचे सहा महिन्यांचे मानधन द्याल का असे आदराने विचारावे. मी विचारले तेव्हा काहींनी दिले.

मुलांशी बोलताना ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले तर २०१२ च्या कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक वस्तीतील प्रत्येक मोठ्या मुलाला पाठ असावा.

नोकरीविषयीही विचारले जाते. संस्थांतील वेतन कमी आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरते असते, जिल्हा बाल संरक्षण कक्षातील पुष्कळ पदे कंत्राटी आहेत, आणि एकात्मिक बालविकास सेवेत अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेसारख्या पदासाठी परीक्षा द्यावी लागते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

क्षेत्रकार्य एप्रिलच्या आसपास संपते आणि वस्तीतील अर्ज तेव्हा अर्ध्यावर असतात. निघण्यापूर्वी वहीतील प्रत्येक प्रलंबित पानावर अर्जाचा क्रमांक, पोच मिळाल्याची तारीख आणि पुढे कोणत्या टेबलावर जायचे हे लिहावे, पोचपावत्यांच्या प्रती त्या त्या घरी द्याव्यात, मूळ कागदपत्रे घराकडेच आहेत याची खात्री करावी, आणि येणाऱ्या विद्यार्थ्याला घेऊन निदान एकदा त्या घरांत जाऊन यावे. माझ्या वहीतील बालसंगोपनाचे तीन अर्ज माझ्यानंतर आलेल्या मुलीने पूर्ण केले. त्यांपैकी एकाचा पहिला हप्ता जमा झाल्याचा फोन त्या आईने आम्हा दोघींनाही केला.