कोणतं भाताचं बी थंडी सोसतं? घरीच बघा

इगतपुरी-त्र्यंबककडे भात खरिपाचा, त्यामुळे थंडीचा विचार कोण करतं, पण उन्हाळी भात करायचा म्हटलं की रोपं डिसेंबर-जानेवारीत टाकावी लागतात आणि नाशिकची ती थंडी, रोपं पिवळी पडून तिथेच बसतात.

मी काय करतो, दोन-तीन जातींचं बी एकाच मातीत, एकाच दिवशी ट्रेमध्ये टाकतो, प्रत्येकाचे दोन ट्रे. तीन पानं आली की एक ट्रे फ्रीजमध्ये, ४ अंशाच्या आसपास, तीन-चार दिवस. फ्रीजमध्ये अंधार असतो, म्हणून दुसरा ट्रे तेवढेच दिवस कपाटात ठेवा, नाहीतर रोपं थंडीने गेली की अंधाराने ते कळणारच नाही (पहिल्या वेळी माझं हेच झालं, वर बायकोची बोलणी वेगळीच). मग दोन्ही उन्हात आणा. लगेच मोजू नका! आठवडाभराने ज्यांना आतून हिरवं पान फुटलं तीच जगली.

फरक येतो जनुकांमुळे. भाताचे दोन मोठे गट, जपोनिका आणि इंडिका, त्यात जपोनिका थंडीला साधारण काटक, २०१५ साली कोल्ड-१ नावाचं जनुक सापडलं, त्यातल्या डीएनएच्या एका अक्षराने फरक पडतो. त्याचं प्रोटीन थंडी ओळखून पेशीत कॅल्शियम सोडायला लावतं, म्हणजे अलार्मच म्हणा. पण हे एकटं जनुक नाही, बरीच आहेत, आणि रोपात टिकलेली जात पोटरीत (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हा) टिकेलच असं नाही, तिथे थंडीने पराग मरतो आणि दाणे पोचट राहतात.

थंडी सोसणारी जात हाती येईपर्यंत रोपांना संध्याकाळी विहिरीचं पाणी भरा, सकाळी काढून टाका.