बर्फावरच्या हॉकीतील अनपेक्षित अजिंक्यपद पारखावे कसे?

सोलापुरात क्रिकेट आणि कबड्डीचे दर्दी गल्लोगल्ली भेटतात. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे सामने पाहणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील. जे निघतात, त्यांना या खेळाची गोडी बहुधा एकाच प्रकारच्या हकिकतीने लावलेली असते : कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या एखाद्या संघाने स्टॅनले चषक, म्हणजे या लीगचे अजिंक्यपद, पटकावला, ही ती हकिकत. अशा हकिकती तिखटमीठ लावून सांगितल्या जातात. म्हणून खरोखरीचा दुबळा संघ जिंकला होता, की गुणतक्त्याच्या तळाशी दडलेला एखादा बलवान संघ, हे आपले आपल्याला ठरवता आले पाहिजे. त्यासाठी एक वही, थोडी चिकाटी आणि लीगच्या संकेतस्थळावरील जुने तक्ते एवढी सामग्री पुरेशी आहे.

सर्वप्रथम कोणती प्रकरणे विचारात घ्यायची, हे पक्के करावे. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळाडूंनी सोव्हिएत संघाला हरवले, ही घटना कितीही गाजलेली असली, तरी ते व्यावसायिक संघाचे अजिंक्यपद नव्हते. शिवाय सुवर्णपदक त्या सामन्याने मिळाले नाही, त्यासाठी पुढे फिनलंडला हरवावे लागले. आठव्या, म्हणजे आपल्या विभागातून बाद फेरीत पोचणाऱ्या संघांतील शेवटच्या, मानांकनावरून २००६ मध्ये एडमंटन ऑयलर्सनी आणि २०२३ मध्ये फ्लोरिडा पँथर्सनी अंतिम फेरी गाठली. परंतु दोघेही तिथे हरले, म्हणून त्यांनाही वहीत जागा देऊ नये. पिछाडीवरून मिळवलेला विजय आणि दुबळ्याचा विजय यांत तर हमखास गल्लत होते. १९४२ मध्ये टोरोंटो मेपल लीफ्सनी अंतिम मालिकेत ०-३ अशा पिछाडीवरून सलग चार सामने जिंकले, हे खरेच आहे; पण त्या हंगामात टोरोंटोने २७ सामने जिंकून १८ गमावले होते, तर समोरच्या डेट्रॉइटने १९ जिंकून २५ गमावले होते. म्हणजे त्या मालिकेतील दुबळा संघ हरलेला होता, जिंकलेला नव्हे.

यानंतर साखळी सामन्यांचा तक्ता उघडावा आणि विजय-पराभवांच्या आकड्यांवर न थांबता केलेले गोल व स्वीकारलेले गोल यांचे रकाने उतरवून घ्यावेत. माझ्या मते या दोन रकान्यांइतके बोलके काहीच नाही. १९३८ च्या शिकागो ब्लॅक हॉक्सनी ४८ सामन्यांत १४ विजय, २५ पराभव आणि ९ बरोबरी अशी मजल मारली. ९७ गोल केले आणि १३९ स्वीकारले. याउलट २०१२ च्या लॉस एंजेलिस किंग्जनी १९४ गोल केले. तीस संघांत हा आकडा एकोणतिसाव्या क्रमांकाचा होता, पण त्यांनी स्वीकारलेले गोल अवघे १७९ होते आणि याहून कमी गोल केवळ सेंट लुईसने स्वीकारले होते. दोन्ही संघ चषक जिंकले. मात्र पहिला संघ खरोखरच कमकुवत होता, तर दुसऱ्याचा बचाव भक्कम असून त्याला गोल करणारा माणूस तेवढा हवा होता. फेब्रुवारीत जेफ कार्टर कोलंबसहून आला आणि ती उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

मग बाद फेरीतला संघाचा मार्ग तपासावा : कोणाकोणाला हरवले आणि मालिका किती सामन्यांच्या होत्या? किंग्जनी आठव्या मानांकनावरून आपल्या विभागातील पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मानांकित संघांना, म्हणजे व्हँकुव्हर, सेंट लुईस व फिनिक्स यांना, क्रमाने बाहेर काढले आणि अंतिम मालिकेत न्यू जर्सी डेव्हिल्सना ४-२ असे नमवले. चारही मालिकांत त्यांनी आधी ३-० अशी आघाडी घेतली होती आणि वीस सामन्यांपैकी सोळा जिंकले होते. इतके सातत्य निव्वळ नशिबाने येत नाही. शिकागोच्या वेळी मात्र पहिल्या दोन मालिका जास्तीत जास्त तीन-तीन सामन्यांच्या आणि अंतिम मालिका जास्तीत जास्त पाच सामन्यांची होती. मालिका जितकी आखूड, तितका नशिबाला वाव अधिक, हे क्रिकेटच्या चाहत्याला वेगळे सांगायला नको.

त्या शिकागोच्या अंतिम मालिकेपाशी थोडे थांबायलाच हवे. पहिल्या सामन्याआधी त्यांचा गोलरक्षक माइक काराकस पायाचे बोट मोडल्याने खेळू शकत नव्हता. सामना टोरोंटोत होता. आयत्या वेळी अल्फी मूर हा दुय्यम दर्जाच्या संघांतून खेळणारा गोलरक्षक शोधून आणण्यात आला आणि त्याच्यासह शिकागोने सामना ३-१ असा जिंकला. लीगने पुढच्या सामन्यात त्याला खेळू दिले नाही. तिसऱ्याच गोलरक्षकाला उभे करावे लागले आणि शिकागो १-५ असे हरले. त्यानंतर काराकस बोटाच्या संरक्षणासाठी पोलादी टोपण बसवलेला बूट घालून परतला आणि राहिलेले दोन्ही सामने शिकागोने खिशात घातले. प्रशिक्षक बिल स्ट्युअर्ट हे एरवी बेसबॉलचे पंच होते. मूर नेमका कोणत्या गुत्त्यात सापडला, याचे रसभरीत वर्णन करणारे पुष्कळ आहेत. ते वहीत घेऊ नये, ९७ आणि १३९ हे आकडे घ्यावेत.

चौथी पायरी म्हणजे वळणाची तारीख शोधणे. संपूर्ण हंगामाची गोळाबेरीज कित्येकदा फसवी असते, म्हणून हंगामाचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र मांडावा. २०१९ मध्ये चषक जिंकणाऱ्या सेंट लुईस ब्लूजचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी हा संघ ३७ सामन्यांत ३४ गुणांसह अख्ख्या लीगच्या तळाशी होता. विजयाला दोन गुण आणि जादा वेळेतील पराभवाला एक गुण, असा हिशेब असतो. हंगाम संपला तेव्हा ब्लूजचे गुण ९९ झाले होते. वजाबाकी केली की उरलेल्या ४५ सामन्यांत ६५ गुण दिसतात, आणि ही गती कोणत्याही अव्वल संघाला शोभावी अशी आहे. आता या वळणामागची कारणे शोधावीत. नोव्हेंबरमध्ये माइक यो यांच्या जागी क्रेग बेरुबी हंगामी प्रशिक्षक झाले होते आणि ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन हा नवखा गोलरक्षक प्रथमच सुरुवातीपासून उतरला व फिलाडेल्फियाला त्याने एकही गोल करू दिला नाही. एप्रिलमध्ये बाद फेरी सुरू झाली तेव्हा ब्लूज दुबळे राहिलेच नव्हते. जानेवारीतल्या तक्त्याची आठवण तेवढी लोकांच्या मनात राहिली होती.

गोलरक्षकाचा आकडा वाचायला शिकणे अगदी सोपे आहे. त्याच्यावर आलेल्या फटक्यांपैकी त्याने किती अडवले, हे हजारी प्रमाणात काढतात. २०१२ च्या बाद फेरीत किंग्जच्या जोनाथन क्विकचे प्रमाण ९४६ होते. ९१० चे प्रमाण असलेला गोलरक्षक तीस फटक्यांमागे सरासरी २.७ गोल स्वीकारतो, तर ९४६ वाला जेमतेम १.६. ज्या खेळात बरेच सामने एका गोलाने सुटतात, तिथे सामन्यामागे एक गोल वाचवणारा माणूस म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यासारखेच. तरीही सरासरीवर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण बिनिंग्टनचे २०१९ च्या बाद फेरीतील प्रमाण क्विकच्या जवळपासही नव्हते, तरी चषक ब्लूजनीच जिंकला.

म्हणूनच शेवटी किमान एक डाव, म्हणजे सामन्याचा वीस मिनिटांचा एक-तृतीयांश भाग, प्रत्यक्ष पाहावा आणि दोन्ही बाजूंचे फटके वहीत रेघा मारून मोजावेत. सुरुवातीला पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती, दिसतच नाही, अशी तक्रार आमच्या जुळे सोलापुरातील मित्रमंडळींपैकी प्रत्येकाने केली. पकाचा नाद सोडून गोलरक्षकाकडे पाहत राहिले की नजर आपोआप बसते. २०१९ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्याचा पहिला डाव याकरिता घ्यावा. बोस्टनने घरच्या मैदानावर १२ फटके मारले, बिनिंग्टनने बाराही अडवले. ब्लूजना चारच फटके मिळाले आणि त्यांतून दोन गोल झाले : पहिला रायन ओरायलीचा, आणि दुसरा अॅलेक्स पिएट्रँजेलोचा, डाव संपायला आठ सेकंदही उरलेले नसताना. सामना ४-१ असा सुटला, पण त्याचा निकाल या वीस मिनिटांनीच लावला होता.

चालू हंगामाचे सामने पाहायचे असतील, तर एप्रिल ते जून या काळात पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला लागतो, हे ध्यानात ठेवावे. मे महिन्यात सोलापूरचे ऊन अंगावर येण्याआधीच तो आटोपतो, हा मोठाच फायदा म्हणायचा. अंतिम फेरीची वेळ पश्चिमेकडील संघांच्या घरीही बहुधा हीच असते. वहीत तारीख लिहिताना मात्र तिकडचीच लिहावी, अन्यथा तक्त्यांशी ताळा जमत नाही.

सरावासाठी १९७१ चे माँट्रियल कॅनेडियन्स घ्यावेत. त्यांनी पहिल्याच फेरीत ५७ विजय आणि ३९९ गोल नोंदवणाऱ्या बोस्टनला सात सामन्यांत बाहेर काढले. त्यातील दुसऱ्या सामन्यात ते १-५ असे मागे होते आणि ७-५ असे जिंकले. गोलरक्षक केन ड्रायडन त्याआधी साखळीत अवघे सहा सामने खेळला होता. आता माँट्रियलचे त्या हंगामातील गोलांचे दोन रकाने स्वतः काढावेत, त्यांनी आधीच्या सहा वर्षांत किती चषक जिंकले होते तेही पाहावे, आणि मगच या संघाला दुबळा म्हणायचे की नाही, ते ठरवावे.