स्टॅटिक रूट टाकायला बसण्याआधी

कोल्हापुरात शाहूपुरीला ऑफिस, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री आणि दोन्हींच्या मध्ये प्रोव्हायडरने ओढून दिलेली पॉइंट-टू-पॉइंट फायबर लिंक. ऑफिसातल्या लोकांना कारखान्यातला टॅलीचा सर्व्हर, हजेरीचं मशीन आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर दिसायला हवा, एवढंच काम. दोन राउटरांसाठी ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा आपोआप कळवण्याची पद्धत) चालवण्यात अर्थ नाही. दोन-चार स्टॅटिक रूट, म्हणजे ‘या नेटवर्कासाठी तिकडे जा’ असं राउटरला हाताने लिहून देणं, टाकले की भागतं. कमांड टाइप करायला दोन मिनिटं लागतात, पण मी त्याआधी निदान अर्धा दिवस वही घेऊन बसतो.

वहीत पहिलं येतं ते चित्र. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, कारखान्याचं १९२.१६८.२०.०/२४, कॅमेऱ्यांचं १९२.१६८.२१.०/२४ आणि लिंकवर १०.२५५.०.०/३०, म्हणजे ऑफिसच्या टोकाला .१ आणि कारखान्याच्या टोकाला .२. हे आकडे कुणी तोंडी सांगितले म्हणून लिहायचे नाहीत. दोन्ही राउटरांवर लॉगिन करून इंटरफेसवरचा (पोर्टवरचा) पत्ता आणि मास्क (/२४ सारखा, पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) डोळ्यांनी बघून लिहायचे. दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ निघालं, तर काम तिथेच थांबवा. ब्रॉडबँडवाल्याने बसवलेला डबा जे नेटवर्क घेऊन येतो, तेच दोन्हीकडे वर्षानुवर्षं चालू असतं आणि मग कुठलाच रूट उपयोगाचा नसतो, कारण पलीकडचा पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरला आपल्याच घरातला वाटतो. अशा वेळी आधी एका बाजूचं नेटवर्क बदलण्याचा दिवस ठरवायचा. त्यात प्रिंटरही आले, आणि प्रिंटरांना सगळ्यात जास्त वेळ जातो.

चित्र झालं की त्यावरून पॅकेटचा (डेटाच्या तुकड्याचा) प्रवास बोटाने करायचा, जायचाही आणि यायचाही. घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा येताना. ऑफिसच्या राउटरला सांगितलेलं असतं की २०.० साठी १०.२५५.०.२ कडे जा. कारखान्याच्या राउटरला मात्र १०.० कुठे आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. तो उत्तर आपल्या डिफॉल्ट रूटने (दुसरा कुठलाच रूट नसला की वापरायच्या वाटेने) कारखान्याच्या ब्रॉडबँडकडे ढकलतो आणि ते तिथे मरतं. म्हणून वहीत रूट लिहिताना मी जोडीनेच लिहितो: डावीकडे जाण्याचा, उजवीकडे येण्याचा. एक बाजू रिकामी दिसली की काम अपुरं आहे.

इथे नॅट (पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणारी सोय) एक गंमत करतो. ऑफिसच्या राउटरवर मास्करेडचा (राउटरचाच पत्ता लावून पाठवण्याचा) नियम इंटरफेस न सांगता, सरसकट लावलेला असला, तर कारखान्याकडे जाणारं प्रत्येक पॅकेट १०.२५५.०.१ च्या नावाने जातं. तो पत्ता कारखान्याच्या राउटरला थेट जोडलेला असल्याने परतीचा रूट नसतानाही उत्तर येतं. सगळे खूश. पुढे कारखान्यातून कुणी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हाक मारली की मगच बिंग फुटतं. तेव्हा दोन्ही राउटरांवरचे नॅटचे नियम आधीच वाचून ठेवा आणि या दोन नेटवर्कांमधली वाहतूक त्यातून वगळा. फायरवॉलमध्येही एका इंटरफेसवरून दुसऱ्यावर जायला परवानगी आहे का, हे त्याच बैठकीत बघून घ्या.

राउटरांच्या पलीकडे यंत्रं असतात, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांनी खाल्ला आहे. एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे रूट बरोबर, टॅलीचा सर्व्हर उत्तर देतोय, पण हजेरीचं मशीन काही बोलेना. तासभर राउटर उलटेपालटे केल्यावर कळलं की मशीन बसवणाऱ्याने गेटवेचा (नेटवर्काबाहेर जायला लागणाऱ्या राउटरच्या पत्त्याचा) रकाना कोराच सोडला होता. त्याच नेटवर्कातल्या कॉम्प्युटरशी बोलायला गेटवे लागत नाही, त्यामुळे तीन वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. आता मी जाण्याआधीच कारखान्यातल्या माणसाकडून हाताने पत्ता दिलेल्या प्रत्येक यंत्राच्या सेटिंगचा फोटो मागवतो: हजेरी मशीन, रेकॉर्डर, प्रिंटर, सर्व्हर. विंडोजची आणखी एक खोड लक्षात ठेवायची. त्याची फायरवॉल दुसऱ्या सबनेटमधून (नेटवर्कातून) आलेल्या पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या हाकेला, सहसा उत्तर देत नाही, म्हणून चाचणीसाठी पिंगवर विसंबू नये. टॅलीचा पोर्ट उघडतो का, रेकॉर्डरचं वेबपान येतं का, हे बघावं.

आता रूट प्रत्यक्ष लिहायचे. २०.० आणि २१.० मिळून १९२.१६८.२०.०/२३ होतं, मास्क २५५.२५५.२५४.०, म्हणजे ऑफिसच्या बाजूला एकच ओळ पुरते. उदार होऊन /२२ लिहू नका. त्यात २२ आणि २३ पण येतात, आणि उद्या पुण्याच्या शाखेला कुणी २२ दिलं की तिचे पॅकेट गोकुळ शिरगावला जातील. सिस्कोच्या राउटरवर रूटमध्ये सरळ मास्क लागतो, ओएसपीएफसारखा उलटा वाइल्डकार्ड नाही. दोन्ही रोज वापरणाऱ्यांचा हात इथे हमखास चुकतो. पुढचा टप्पा म्हणून पलीकडच्या राउटरचा पत्ता द्यावा, नुसतं इंटरफेसचं नाव नको. इथरनेटवर फक्त इंटरफेस दिला, तर राउटर पलीकडच्या प्रत्येक यंत्रासाठी एआरपी (‘हा पत्ता कुणाचा?’ ही हाक) विचारत बसतो आणि पलीकडे प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्यांच्या वतीने राउटरने उत्तर देणं) चालू असेल तोवरच काम चालतं. पलीकडचा राउटर बदलला की एका रात्रीत सगळं बंद, आणि कारण कुणालाच आठवत नाही.

फायबर तुटली तर काय, हा प्रश्न मालक विचारतोच. एमआयडीसीत जेसीबीने केबल उखडणं काही नवं नाही. उत्तर म्हणजे ब्रॉडबँडवरचा व्हीपीएन टनेल (इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट) आणि त्याच्यावरून जाणारा दुसरा रूट, ज्याचा डिस्टन्स (पसंतीचा आकडा, लहान तो आधी) मोठा, समजा २००. साध्या स्टॅटिकचा १ असतो, म्हणून पहिला जिवंत असेपर्यंत दुसरा गप्प बसतो. पण दोन्ही रूटांचा मास्क एकच हवा. मुख्य रूट /२३ आणि पर्यायी /२४ लिहिलात, तर डिस्टन्सला कुणी विचारतच नाही. जास्त नेमका रूट जिंकतो आणि फायबर ठणठणीत असताना वाहतूक टनेलमधून रडतखडत जाते. दुसरी मेख अशी, की पहिला रूट मेला हे राउटरला कळायला हवं. मध्ये प्रोव्हायडरचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साधी नेटवर्क केबल जोडून देणारा डबा) असतो. तार मैलभर पुढे तुटली तरी आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो आणि रूट तक्त्यात ठाण मांडून बसतो. मायक्रोटिकच्या राउटरवर चेक-गेटवे (पुढचा टप्पा जिवंत आहे का हे तपासणारी सेटिंग) पिंगवर ठेवा. तो दर १० सेकंदांनी विचारतो आणि दोनदा उत्तर चुकलं की रूट बाजूला करतो. सिस्कोवर त्यासाठी आयपी एसएलए (सतत तपासणी करणारी सोय) आणि ट्रॅक (त्या तपासणीला रूट बांधणारी) जोडावा लागतो. हे दोन्ही टोकांना करायचं, नाहीतर जाणारं टनेलने जाईल आणि येणारं मेलेल्या फायबरवर थांबून राहील.

एवढं झाल्यावर प्रश्न उरतो स्वतःच्या लॉगिनचा. एकदा ऑफिसात बसून कारखान्याच्या राउटरवर लॉगिन केलं आणि ज्या रूटवरून मी आत आलो होतो तोच पुसला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड. रात्री पावसात गाडी काढून कारखान्यापर्यंत जावं लागलं. तेव्हापासून मी आधी ऑफिसच्या राउटरवर जातो आणि तिथून १०.२५५.०.२ वर. ते नेटवर्क थेट जोडलेलं आहे, स्टॅटिक रूट चुकला तरी ते हलत नाही. शिवाय सिस्कोवर सुरुवातीला चालू कॉन्फिग सेव्ह करून ‘रीलोड इन १०’ देतो: दहा मिनिटांत मी रद्द केलं नाही, तर राउटर जुन्या कॉन्फिगवर उठतो. मायक्रोटिकवर कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड; सेशन तुटलं की बदल आपोआप मागे. मात्र सिस्कोवर चाचणी संपेपर्यंत नवीन कॉन्फिग सेव्ह करायचं नाही, नाहीतर रीलोड चुकलेल्याच कॉन्फिगवर होईल.

वेळ ठरवताना अकाउंट्सला विचारा. ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची रिटर्न असतात; तेव्हा हात लावू नका. माल भरून गेटवर उभे असलेले ट्रक ई-वे बिलासाठी खोळंबले, तर शिव्या आपल्याच वाट्याला येतात. कारखान्यात कॅबिनेटची किल्ली असलेला माणूस फोनवर हवा आणि राउटरचा प्लग कोणता हे त्याला दिवसाच दाखवून ठेवलेलं हवं.

काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही राउटरांचा रूट तक्ता कॉपी करून फाइलमध्ये टाका, कॉन्फिगचा बॅकअप लॅपटॉपवर घ्या. मग आधी लांबच्या टोकाचा, म्हणजे कारखान्याचा परतीचा रूट, नंतर जवळचा. प्रत्येक रूटला नाव किंवा कमेंट द्या. पिंग करताना उगम म्हणून लॅनचा, म्हणजे आतल्या नेटवर्काचा, पत्ता द्यायला विसरू नका. नुसतं पिंग केलं, तर राउटर लिंकचा पत्ता वापरतो आणि परतीचा रूट नसतानाही सगळं छान दिसतं. मग एका खऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड) आणि टॅली. शेवटी कारखान्यातल्या माणसाला फायबरची तार दोन मिनिटं काढायला सांगा, टनेलवर सगळं गेलं का बघा, तार परत लावून घ्या. ठीक असेल तर रीलोड रद्द, कॉन्फिग सेव्ह, नवीन तक्ता जुन्याशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा, आणि त्या माणसाला सांगा की आता कॅबिनेटला कुलूप लावून घरी जा.