तंजावरला जाताय? या चुका टाळा

तामिळनाडूच्या आठवडाभराच्या सहलीत तंजावरच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात, आणि तेही भर दुपारचे. मग परत आलेली मंडळी सांगतात, पाय भाजले, गाभारा बंद होता, फोटो काढले आणि पुढे निघालो. ज्या शहरावर 1676 पासून 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्याची मराठी माणसाने अशी बोळवण करावी याचं वाईट वाटतं. थोडं नियोजन बदललं तर हे सहज टळतं.

पहिली चूक वेळेची. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतं. चपला बाहेर काढाव्या लागतात, आवार प्रचंड, फरसबंदी दगडी आणि ऊन दक्षिणेचं. म्हणून एक रात्र मुक्काम कराच. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा जा. तिरकं ऊन पडलं की विमानावरचं, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरावरचं, कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी ते सपाट वाटतं. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही ही गोष्ट तिथे हमखास ऐकवली जाते. सावली पडते, संध्याकाळी स्वतः पाहून घ्या. राजराज चोळाने 1010 मध्ये पुरं केलेलं, 60 मीटरहून उंच ग्रॅनाइटचं विमान थोर ठरायला अशा कहाणीची गरज नाही.

गाडी दुपारीच पोचली तर? बंद दारासमोर ताटकळू नका. जेवून थेट राजवाडा गाठा, तिथे छपराखाली दोन-तीन तास सहज जातात. मंदिराच्या आवारात उन्हातच फिरावं लागलं तर जाड मोजे घाला आणि जिथे पायवाटेवर काथ्याची चटई असेल तिथूनच चाला. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हे आधीच ठरवून ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणं ही दुसरी मोठी चूक. आपला पाऊस संपतो तेव्हा तिथला सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर कावेरीच्या खोऱ्यात जोरात असतो. एप्रिल-मेमधला उकाडा तर सोसवत नाही. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. संक्रांतीनंतर मट्टू पोंगलला, म्हणजे गुरांच्या सणाला, मंदिरातल्या अवाढव्य नंदीला फळं, भाज्या आणि मिठाईने सजवतात. ते पाहायचं असेल तर खोली आधीच ठरवा.

आता सगळ्यात मोठी चूक. बहुतेक जण विमान, नंदी आणि शिवलिंग पाहून परत फिरतात. थोडं पुढे, आवाराच्या नैऋत्य भागात, गणपतीचं देऊळ आहे त्या बाजूला जा. तिथल्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी तो 1803 मध्ये कोरवून घेतला. चोळांच्या देवळात, तामिळ मुलखात, दगडात कोरलेली पानंच्या पानं मराठी! भाषा जुन्या वळणाची आहे, सगळं लागत नाही. तरी मुलांना जवळ घेऊन दोन-चार ओळी मोठ्याने वाचून पाहा. गाइड तिथे आपणहून नेईलच असं नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवा. चोळकालीन भित्तिचित्रं मात्र आतल्या अरुंद प्रदक्षिणामार्गात आहेत आणि सर्वसामान्यांना खुली नाहीत. त्यांच्या आशेवर थांबू नका.

राजवाड्यात वेगवेगळ्या दालनांची तिकिटं वेगळी असतात, हे कळेपर्यंत लोक निम्मं पाहून बाहेर पडतात. चोळांच्या पंचधातूच्या मूर्ती चुकवू नका, तिथे सावकाश थांबा. सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन पोथ्या चाळता येत नाहीत, पर्यटकांसाठी तिथलं संग्रहालय आहे. फोटोला मनाई असते, सुट्टीचा वारही विचारून घ्या. संस्कृत, तामिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत. शिवगंगा बागेतल्या श्वार्ट्झ चर्चमध्ये तर मृत्युशय्येवरच्या मिशनरी गुरूला भेटायला आलेले सरफोजी संगमरवरात दिसतात. इतक्या जवळ येऊन तेही राहून जातं.

खरेदीत फसगत होते ती तंजावर चित्रांची. अस्सल चित्रात लाकडी फळीवर कापड चिकटवून, लेपाने उठाव देऊन, वर सोन्याचा वर्ख लावतात. नुसत्या छापील चित्रावर चमकी चिकटवून तेच नाव सांगितलं जातं. वर्ख खरा आहे का, मागे फळी कसली आहे, हे विचारा आणि पक्की पावती घ्या. राज्य सरकारच्या पूम्पुहार दुकानात आधी किमतींचा अंदाज घेतलात तर बरं. मान डोलवणाऱ्या बाहुल्या स्वस्त आणि अस्सल, त्या निर्धास्त घ्या.

हिंदीचा आग्रह धरू नका. ‘वणक्कम’ (नमस्कार), ‘अण्णा’, ‘अक्का’ आणि मोडकंतोडकं इंग्रजी एवढ्यावर रिक्षापासून जेवणापर्यंत सगळं होतं. देवळात गुडघ्याखाली येणारे कपडे घाला.

आणि एकाच दुपारी दारासुरम, गंगैकोंड चोळपुरम आणि कुंभकोणम ही आसपासची मंदिरांची गावं उरकायचा बेत आखू नका. दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आकाराने लहान असलं तरी कोरीवकाम इतकं नाजूक आहे की दोन तासही अपुरे पडतात. वेळ कमी असेल तर तेवढं एकच निवडा, सकाळी लवकर निघा आणि उन्हं चढायच्या आत पाहून घ्या.