प्रायमरीच्या वर्गात वेगवेगळ्या संस्कृतींची ओळख कशी करून द्यायची? (फॅन्सी ड्रेस सोडून)

मुंबईतल्या कितीतरी शाळांत 'विविधतेत एकता' म्हणजे एक दिवस फॅन्सी ड्रेस. कोणी पंजाबी, कोणी कोळीण, आणि जिची आई खरंच ससून डॉकवरून मासे आणून विकते ती मुलगी नेमकी भाड्याचा गुजराती घागरा घालून उभी. फोटो झकास येतात, पण पोरांना कळत काहीच नाही. त्यापेक्षा तिसरी-चौथीच्या वर्गात हे करून बघा.

आधी दहाची नोट काढा. मागच्या बाजूला 15 भाषांची पट्टी असते, हिंदी-इंग्रजी पुढच्या बाजूला. पोरांना सांगा, तुमच्या आजीला वाचता येईल ती ओळ शोधा. भोजपुरी, तुळू किंवा सिंधी बोलणाऱ्या पोराला आपली भाषा सापडणार नाही, मग ते हिरमुसतं. ते व्हायच्या आधीच फळ्यावर 'नोटेवर न मावलेल्या भाषा' असा कॉलम आखून ठेवा आणि त्याच्याकडूनच एक वाक्य वदवून घ्या, बघा कॉलर कशी ताठ होते.

मग घरून विचारून आणायचे प्रश्न द्या. इथे एक सांभाळा, 'तुमच्यात काय करतात' असं विचारू नका, त्याला लगेच जातीचा वास येतो. 'तुमच्या घरी' म्हणा. प्रश्न साधेच ठेवा. ताप आला की काय खायला देतात? कोणाकडे पेज, कोणाकडे कंजी, कोणाकडे मुगाची खिचडी, आणि सगळीकडे तांदूळच निघतो, हे पोरांना स्वतःच शोधू द्या. नवीन वर्ष कधी? फळ्यावर बारा महिन्यांचं मोठं गोल काढून नावं टाकत जा, पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, तमिळ नववर्ष एप्रिलच्या मध्यावर, गुजरात्यांचं दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. एखादं पोर 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणालं तर तेही लिहा. आणि वर्गात एकच पारशी किंवा एकच मुसलमान मूल असेल तर त्याला सगळ्या समाजाचा प्रवक्ता करू नका प्लीज.

डब्याचा दिवस ठेवलात तर 'चाखलंच पाहिजे' हा नियम नको. रोजे असतात, उपास असतात, जैन घरात कांदा-लसूण चालत नाही, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर विचारून घ्या. सुक्या बोंबलाचा डबा उघडल्यावर कोणीतरी 'ई, वास' म्हणणारच, तेव्हा ओरडू नका, तो डबा लगेच बंदही करायला लावू नका. 'वास येतोच, हिंगाचाही येतो, फणसाचाही येतो. ज्याला नको त्याने खिडकीजवळ बसा' एवढं बोलून पुढे चला. चेहरा तुमचा वाकडा झाला नाही तर पोरांचाही फार वेळ राहत नाही.

शेवटी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, राणीच्या बागेला लागूनच आहे. तिथे वेगवेगळ्या समाजांच्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, पगड्यांचे नमुनेही आहेत. पण हे ब्रिटिशांच्या काळातलं म्युझियम, 1872 साली लोकांसाठी उघडलेलं, त्यामुळे एका समाजाचा एक ठरलेला पोशाख असा सगळा मामला. म्हणून परत आल्यावर शाडूच्या मातीचा स्वतःचा पुतळा करायला लावा, आज सकाळी मी जे करत होतो ते करताना. बुधवारी म्युझियम बंद असतं, ट्रिपची तारीख त्या हिशोबाने ठरवा.